ग्रॅमकाकांनी ठासून भरलेला सायलेन्सर

ग्रॅमकाकांना खरं नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं. सगळी गल्ली त्यांना ग्रॅमकाकाच म्हणायची. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. पुढे ते निवृत्त झाले, पण तोलायची सवय काही निवृत्त झाली नाही. चहाची पत्ती काट्यावर, कपड्याचा साबण काट्यावर. अंगाचा साबणसुद्धा महिन्यातून एकदा चढायचा, किती झिजला ते बघायला. “मला बघायला आले तेव्हा मलाही मनातल्या मनात तोललं,” काकू आल्यागेल्याला सांगायच्या, “तेवढा एक अंदाज चुकला त्यांचा.”

काकूंचा धंदा गाद्या-उशांचा. पुढच्या खोलीत बसून त्या उशा भरायच्या, आणि काट्याबिट्याच्या भानगडीत कधी पडायच्या नाहीत. उशी दाबायची, सोडायची, आपसूक वर आली की तोंड शिवून टाकायचं. काकांना ते बघवायचं नाही. असं केल्यावर दोन उशा सारख्या कशा होणार, हा त्यांचा जुना सवाल. आणि दोन डोकी तरी सारखी असतात का, हे काकूंचं तितकंच जुनं उत्तर.

या दोघांची धाकटी लेक लिफ्ट दुरुस्त करायची आणि सुट्टीच्या दिवशी ट्रायल्सची मोटरसायकल चालवायची. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून गाडी न्यायची, आणि पाय म्हणून खाली टेकवायचा नाही. टेकला की दंड. वेगाचं तिथं काही काम नाही आणि गाडीला बसायला धड सीटही नाही. एवढंच करायचं तर शिडी घेऊन जा की, असं काकूंचं मत होतं.

तर मागच्या स्पर्धेत लेकीला सुरुवातीच्या टेबलावरूनच परत पाठवलं. तिथं एक बाई आवाज मोजायचं यंत्र घेऊन बसतात. गाडीनं मर्यादेपेक्षा जास्त आवाज केला आणि पोरगी एकही दगड न चढता घरी आली. आता रविवारी वर्षातली शेवटची फेरी होती. ती हुकली तर वरच्या गटात जायचं राहिलं, ते वर्षभर.

सायलेन्सर मी बघतो, काका म्हणाले.

सायलेन्सरचं पोट काही फार गुंतागुंतीचं नसतं. मधून भोकाभोकांची नळी जाते आणि तिच्याभोवती काचेची लोकर गुंडाळलेली असते. आवाज त्या लोकरीत जिरतो. लोकर तेलानं भिजली, जळली, की गाडी बोंबलायला लागते. काकांनी गुरुवारी मागच्या अंगणात रिव्हेट ड्रिलनं उडवले, टोकाची टोपी काढली, नळी ओढली. बरोबर जे बाहेर आलं ते मोरीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखं होतं, काळं आणि तेलानं निथळणारं. दुसऱ्या कुणी ते काठीनं उचलून फेकलं असतं. काकांनी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. खाली वर्तमानपत्र घातलं होतं, एवढीच काकूंवर मेहेरबानी. तीनशे दहा ग्रॅम. वर्तमानपत्राचं वजन वजा करून आकडा वहीत गेला. जेवढं निघालं तेवढंच घालायचं, यात चुकायला जागाच कुठे?

मग बाहेरच्या कवचाला गेलेली चीर कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून भरून आणली, नळी तारेच्या ब्रशनं घासली आणि कोरी लोकर तोलायला घेतली. तीनशे दहा ग्रॅम कोरी लोकर म्हणजे घमेलंभर ढग. तो ढग हातभर लांबीच्या डब्यात जाईना. पण आकडा म्हणजे आकडा. शुक्रवारची अख्खी दुपार काका हातमोजे घालून ठासत होते. शेवटी स्वयंपाकघरातून लाटणंही गायब झालं.

शनिवारी सकाळी लेकीनं गाडी सुरू केली. आवाज असा, की शेजारच्या भिंतीवरचं मांजर हललंसुद्धा नाही. काकांची छाती फुगली. मग लेकीनं अंगणातल्या विटांच्या ढिगावर गाडी घातली. गाडी अर्ध्यात धापा टाकून बंद पडली आणि पोरीचा पाय खाली आला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. कार्बोरेटर बघ, काका म्हणाले. तिनं तासभर खपून तो साफ केला. चौथ्यांदाही तेच.

“बाबा, आवाज गेला,” लेक हेल्मेट काढत म्हणाली, “पण त्याच्याबरोबर गाडीचा जीवही गेला.”

काका वही उघडून पुन्हा आकडा बघायला लागले. तेवढ्यात काकू दारात आल्या. आल्या होत्या लाटणं शोधत, पण ते कुठे सापडलं ते बघून तिथंच थबकल्या.

“अहो, जुनं निघालं ते कोरडं होतं का?”

“कोरडं कसलं? तेलात बुडालेलं.”

“मग पावसात भिजलेली उशी माझ्याकडे आली, तर पाण्याच्या वजनाचाही कापूस भरू का मी?”

चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे सुधारणाऱ्या माणसाला हे पचायला दोन मिनिटं तरी लागणारच. मग काकांनी गुपचूप ड्रिल उचललं.

उघडून बघतात तर लोकर भोकाभोकांतून नळीत घुसलेली, वाट निम्मी बुजलेली. नाकापेक्षा मोती जड. काकूंनी हातमोजे मागितले. ही लोकर आहे, कापूस नव्हे, अंगाला लागली तर खाजकुयली बरी, असं काकांनी सांगून बघितलं. “हातमोज्यात हात माझाच राहणार आहे ना?” म्हणत काकूंनी नळी मांडीवर घेतली, भोकं मोकळी केली, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तशी लोकर गुंडाळली, दाबली, सोडली, थोडी काढली, पुन्हा दाबली. वर दोरा फिरवला. नळी डब्यात हलकेच सरकली.

“थांब,” काका म्हणाले. त्यांनी ती बाहेर काढून काट्यावर ठेवली, नळीचं वजन वजा केलं आणि वहीत तीनशे दहावर काट मारून खाली लिहिलं: एकशे अडतीस. मग रिव्हेट मारले. संध्याकाळी लेक विटांच्या ढिगावर दोनदा चढून उतरली, पाय न टेकता. आवाज सकाळपेक्षा वाढला होता. किती वाढला, हे सांगायला घरात यंत्र नव्हतं. त्या रात्री कुणीच मनापासून जेवलं नाही.

रविवारी टेबलाशी बाईंनी यंत्र सायलेन्सरच्या मागे धरलं. लेक हँडल धरून पुतळ्यासारखी उभी. काकू देवाचं नाव घेत होत्या. बाईंनी आकडा वाचला, मर्यादेच्या जेमतेम खाली, आणि जा म्हणून हात हलवला.

तोवर काका चष्मा सरसावून पुढे वाकले होते.

“बाई, हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?”

काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला, आपल्या पूर्ण वजनानिशी, जे काकांना कधीच नीट जोखता आलं नव्हतं. काका कळवळून वळले, तेव्हा लेक पहिल्या दगडावर चढली होती आणि तिचे दोन्ही पाय गाडीवर होते.