तबकडी आणि मलिदा

प्रिय मुलांनो,

गेल्या आठवड्यात अरादच्या बाहेरची, आकाश ऐकणारी ती मोठी तबकडी पाडली. क्रेन आली, तबकडीचे तुकडे झाले, ते ट्रकवर लादून नेले. त्याच दिवशी तुमच्यापैकी धाकट्याने मला फोनवर विचारले, "आजी, आईला आकाशच ऐकायचं होतं तर तुझ्या घराजवळ का नाही ऐकलं?" मी म्हटले, लिहून पाठवते.

इंग्रजीत लिहिणे मला सोपे गेले असते. मुंबईला मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि लग्नापर्यंत फोर्टमधल्या एका कचेरीत स्टेनो होते. पण माझे इंग्रजी कचेरीतले आहे, त्यात तुमच्या आजोबांचे बोलणे बसत नाही. म्हणून मराठीत लिहिते. तुमची आई वाचून दाखवील. मध्येच कुठे ती थांबली तर थांबू द्या.

इस्राएलला आल्यावर आम्ही आधी लोदला राहत होतो. तुमचे आजोबा विमानतळावर विमानांच्या दुरुस्तीखात्यात होते. त्यांना दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी सांगितले, अरादची हवा कोरडी आहे, तिथे जा. म्हणून निवृत्तीनंतर आम्ही वाळवंटात आलो. पहिल्या वर्षी मला इथे काही म्हणजे काही आवडले नाही. सगळे पिवळे. पण आजोबांना रात्री झोप लागू लागली, मग मीही गप्प बसले.

तुमची आई तेव्हा हैफाला विद्यापीठात होती. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा तिचा अभ्यास. आम्ही अरादला आलो, आणि योगायोग असा की तिच्या प्रोफेसरांना अरादच्या बाहेरचीच एक जुनी तबकडी वापरायला मिळाली. पूर्वी ती दूरच्या टेलिफोनसाठी होती, मग सगळ्यांना नकोशी झाली. तिला फिरवणारे यंत्र गंजून गेले होते. ती एकाच दिशेला तोंड करून उभी असे आणि आकाशच तिच्यावरून सरकत जाई. तिच्याशेजारी पत्र्याची एक खोली, खोलीत यंत्रे आणि एक खुर्ची. दुसऱ्या माणसाने बसायचे कुठे? म्हणून सगळी मंडळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसू लागली.

मंडळी म्हणजे तिघे. प्रोफेसर, तुमची आई आणि एक इंजिनिअर. इंजिनिअर रशियातून नुकतेच आलेले, हिब्रू अजून अडखळत बोलणारे आणि चहात जॅम घालून पिणारे. त्यांचे काम एका वाक्यात सांगते. दुसऱ्या कुठल्या ताऱ्याभोवती कोणी शहाणे लोक असतील आणि त्यांचा संदेश आला, तर तो शोधायचा कसा, खरा की खोटा ठरवायचा कसा, आणि मग करायचे काय, याचा पक्का आराखडा ते लिहीत होते. आराखडा एका समितीकडे जायचा होता. समितीने होकार दिला की तबकडीची दुरुस्ती होणार आणि तुमच्या आईला अरादलाच कायमची नोकरी मिळणार. नकार आला तर तिला परदेशी जावे लागणार, कारण असले काम आमच्या देशात दुसरीकडे कुठे नव्हते. हे तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. आमची ती एकुलती एक मुलगी.

आराखडा इंग्रजीत हवा होता, म्हणून टाइप करायचे काम माझ्याकडे आले. विद्यापीठाने एक कॉम्प्युटर आणून दिला. मी त्याच्यावर पांघरायला क्रोशाचा रुमाल विणला तेव्हा तुमची आई म्हणाली, "मा पितोम, आई! भलतंच काय! तो काय हार्मोनियम आहे?" रुमाल मात्र राहिला.

त्यांचे वाद मी टाइप करता करता ऐकत असे. आकाशाचा कुठला भाग ऐकायचा, हे लवकर ठरले, कारण तबकडी हलतच नव्हती. संदेश कशाला म्हणायचे, यावर मात्र बरेच दिवस गेले. शेवटी पहिला नियम ठरला: दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावरही तेच ऐकू आल्याशिवाय बाहेर कोणालाही काही सांगायचे नाही. दुसरे ठिकाण म्हणजे हैफा. नंतर प्रश्न आला, उत्तर द्यायचे की नाही.

प्रोफेसर म्हणाले, "सगळ्या जगाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

आजोबा कोपऱ्यात खिडकीजवळ बसून लसूण सोलत होते. ते मराठीत म्हणाले, "पाहुणा दारात उभा, आणि हे म्हणतात शेजाऱ्यांना विचारून दार उघडू."

तुमच्या आईने ते हिब्रूत सांगितले. इंजिनिअर हसले. प्रोफेसर हसले नाहीत. ते आजोबांकडे वळून म्हणाले, "पाहुणा आहे की वाऱ्याने दार वाजलं, हे आम्हाला आधी ठरवायचंय."

"ते दार उघडल्यावर कळतंच की," आजोबा म्हणाले. हे मात्र तुमच्या आईने कोणाला सांगितले नाही.

सुक्कोथचा सण संपला आणि एका रविवारी, सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने, यंत्रात ठोके उमटले. मी ते नंतर कागदावर पाहिले. सारख्या अंतरावर सारख्या उंचीच्या रेघा, कुंपणाच्या खांबांसारख्या. थोडा वेळ आले आणि बंद झाले. सोमवारी पुन्हा आले, किंचित लवकर. मंगळवारी आणखी लवकर. तुमची आई घरी आली ती चप्पल काढायची विसरून स्वयंपाकघरात.

"आई, तारे रोज थोडे लवकर उगवतात. हेही रोज लवकर येतंय."

"मग?"

"मग काही नाही. रेगा, जरा थांब, अजून काही म्हणायचं नाही." पण तिचे डोळे असे होते, की मी गॅस बंद करून खाली बसले. आजोबा दारात उभे राहून ऐकत होते.

इंजिनिअरला शंका होती. ते म्हणत, ठोके लवकर येतात, पण ताऱ्यांइतके लवकर नाहीत. तुमची आई म्हणे, नोंद करणारे घड्याळच धड नाही. हैफाला निरोप गेला. तिथले यंत्र उघडून ठेवले होते, ते जोडायला आठवडा लागणार होता. तोवर गप्प राहायचे होते. नियम त्यांचाच होता.

बुधवारी आजोबा बाजारातून पोहे, नारळ, खजूर, केळी, सफरचंद घेऊन आले. म्हणाले, "अगं, उद्या मलिदा करायचाय. एक नवस फेडायचा राहिलाय."

मलिदा तुम्ही खाल्ला आहे, पण कशासाठी करतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. आपण बेने इस्राएल लोक अडचणीत एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, नवस बोलतो. तो कोकणात येऊन गेला आणि तिथून आकाशात गेला, असे आपल्या वाडवडिलांनी मानले. त्याच्या घोड्याच्या टापांची खूण मी लहानपणी पाहिली आहे. इच्छा पूर्ण झाली की भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची एकत्र करून ताटात रचायचे, भोवती फळे मांडायची, आणि दहा पुरुष बोलावून प्रार्थना म्हणायची. नवस कशाचा ते घरातल्या बाईने खोदून विचारायचे नसते, निदान माझ्या सासूबाईंनी मला तसे शिकवले होते. मला वाटले, दम्याचा असेल. मी खोबरे खवायला घेतले.

गुरुवारी दिवेलागणीला दहाजण जमले. सगळे आपलेच, बहुतेक पेन्शनीत निघालेले. तुमची आई तबकडीपाशी होती. प्रार्थना सुरू करण्यापूर्वी त्यांच्यातल्या थोरल्या माणसाने विचारले, "कसला नवस?" आणि मी स्वयंपाकघरातून आजोबांचा आवाज ऐकला. "पोरीला आकाशातून निरोप आलाय. आता तिचं काम इथंच होणार."

तुमची आई आली तेव्हा ताट निम्मे रिकामे झाले होते. दारातच शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी अभिनंदन करायला तिला अडवले.

"माझल टोव्ह, बाय! तुझ्याशी बोलला म्हणे तो!"

"कोण?"

"वरचा. काय म्हणाला गं? हिब्रूत बोलला की आपल्यात?"

दुसरे कोणी तिला चिडवत म्हणाले, "हिब्रूतच बोलला असणार. मराठीत बोलला असता तर पोरीला कळलं कुठं असतं?" सगळे हसले. तुमची आई हसली नाही. तिने पाहुण्यांच्या हातात फळे दिली, सगळ्यांना दारापर्यंत पोचवले, मग आजोबांसमोर बसली.

"पपा, तुम्ही सांगितलंत?"

"मलिदा मांडल्यावर नवस कशाचा ते सांगावं लागतं. एलियाहू हनाबीसमोर खोटं बोलू?"

"पण अजून काही ठरलं नाही! संदेश आला असा नवस बोललात तुम्ही?"

आजोबा टेबलावरची खजुराची बी उचलून बोटांत फिरवत राहिले. "संदेशाचं मला काय करायचंय? तू परदेशी जाऊ नयेस, एवढंच मागितलं होतं. ते ठोके आले, मला वाटलं मिळालं. मग फेडायला उशीर कशाला?"

तुमची आई हातातली पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. मग तिने ताटातला मलिदा चमच्याने घेतला आणि खाल्ला. फळांच्या पाण्याने तो ओला झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ठोके आले नाहीत. आमच्याकडे शब्बाथचे दिवे लागले होते, शनिवारच्या रात्रीपर्यंत सगळे काम बंद. इंजिनिअर काही पाळत नसत, ते एकटेच त्या पत्र्याच्या खोलीत बसले होते. शनिवारी संध्याकाळीही काही आले नाही. रविवारी पुन्हा आले, वेळेवर. सोमवारी इंजिनिअर घरी आले, खुर्ची ओढली आणि आपल्या अडखळत्या हिब्रूत मला म्हणाले, "बाई, आकाशातला हा गृहस्थ शब्बाथ पाळतो."

प्रोफेसरांनी चष्मा काढला. तुमची आई आधी हसली. इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते नंतर थांबेना.

शोधायला एक दिवस पुरला. बेअर शेवाच्या रस्त्यावर नवे फर्निचरचे दुकान निघाले होते. त्याची लाल-निळी पाटी अंधार पडू लागला की लागायची. तिच्यात काही बिघाड होता, पूर्ण उजळण्याआधी ती बराच वेळ एका लयीत फडफडे. ते ठोके आमची तबकडी पकडत होती. ऑक्टोबरात सूर्य रोज थोडा लवकर मावळतो, म्हणून पाटीही रोज थोडी लवकर लागे. दुकानदार धार्मिक माणूस, शब्बाथसाठी शुक्रवारी दुपारीच मेन स्विच बंद करून घरी जाई, तो रविवारी परत येई. त्याला विचारायला गेले तेव्हा त्याने सगळ्यांना कॉफी पाजली आणि फार वाईट वाटून घेतले.

गोष्ट इथेच मिटली असती. पण मलिद्याला आलेल्यांपैकी एकाचा जावई गावच्या साप्ताहिकात होता. पुढच्या शुक्रवारी बातमी छापून आली, पाटीखाली उभ्या असलेल्या दुकानदाराच्या फोटोसकट. समितीतल्या लोकांनीही ती वाचली. त्यांचे उत्तर हिवाळ्यात आले. भाषा सभ्य होती. जागा पुरेशी शांत नाही, आणि आराखड्याचा पहिला नियम आराखडा लिहिणाऱ्यांच्याच घरी पाळला गेला नाही.

आजोबांनी ते दोनदा वाचून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे मीच तिला घालवली."

"पपा, पाटी होती ती," तुमची आई म्हणाली. "तुम्ही गप्प बसला असतात तरी पाटीच निघाली असती. जागा शांत नाही, हे त्यांनी लिहिलंच असतं."

हे खरे होते. पण आजोबांना ते कधी पटले नाही.

जाण्यापूर्वी ती एक आठवडा आमच्याकडे राहिली. तिला परदेशातल्या कामावर तोच आराखडा न्यायचा होता, म्हणून मी पुन्हा कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला. तिने दोन नियम वाढवले. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. एक: कुठल्याही ठोक्यांवर विश्वास ठेवण्याआधी आसपासचे लोक कधी काम करतात आणि कधी सुट्टी घेतात, हे पाहावे. दोन: घरच्या माणसांना अंधारात ठेवू नये. काय सांगायचे नाही आणि का सांगायचे नाही, हे त्यांना नीट समजावावे, कारण त्यांनाही या कामातून काहीतरी हवे असते.

आजोबा खिडकीजवळ होते. त्यांनी विचारले, "दुसरं काय लिहिलंस?" तिने मराठीत सांगितले. त्यांनी मान हलवली आणि पुढ्यातला लसूण सोलायला घेतला.

पुढे तिचे लग्न तिकडेच झाले, तुम्ही झालात. आजोबांनी तुम्हाला दोनदा पाहिले. ते गेले त्या वर्षी मी मलिद्याचे ताट घासून, कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले. तुम्ही याल तेव्हा काढीन.

तबकडी आता नाही. तिचा सिमेंटचा चौथरा आहे, त्यावर मुले बसतात. ते दोन नियम तुमच्या आईच्या कामावर आजही पाळतात, आणि दुसऱ्याला तिथले लोक पपांचा नियम म्हणतात, असे ती सांगते. दुकानाची पाटी कोणीतरी दुरुस्त केली, ती आता फडफडत नाही. माझ्या गच्चीवरून दिसते. रोज अंधार पडू लागला की लागते. शुक्रवारी लागत नाही, आणि माझे शब्बाथचे दिवे लागण्याआधी, तुमच्याकडे अजून दिवस असताना, तुमच्या आईचा फोन येतो.