राणीछापावरचा रंग

चिखलीच्या बसस्थानकाजवळ गजेंद्रचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणायला घड्याळांचं. आता मनगटावर घड्याळ बांधतो कोण, आणि बांधलं तरी बिघडल्यावर दुरुस्त करतो कोण? त्यामुळे गजेंद्रच्या डोळ्याचं भिंग बहुतेक वेळ जुन्या चांदीच्या नाण्यांवरून फिरत असतं, आणि या कामात त्याचं नाव बुलडाण्यापासून अकोल्यापर्यंत आहे. नाणी जमवणारी माणसं थोडी, पण भारी संशयी. त्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, गजेंद्रवर आहे.

त्याची पारख रंगाची. चांदी वर्षानुवर्षं कागदात, कापडात पडून राहिली की तिच्यावर हळूहळू रंग चढतो. आधी कडेला फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा, निळा. असा आपसूक चढलेला रंग दिसला की शौकीन लोक नाण्यासाठी जीव टाकतात. आणि जिथे जीव टाकणारे, तिथे लबाड आलेच. कुणी उकडलेल्या अंड्यासोबत नाणं डब्यात कोंडतं, कुणी गंधक लावतं, की आठवड्याभरात आजोबांच्या काळचा रंग तयार! गजेंद्र नाणं दिव्याखाली तिरपं धरून फिरवायचा. खरा रंग एकातून दुसऱ्यात विरत जातो, अक्षरांच्या आडोशाला जरा वेगळा दिसतो, आणि त्याच्या खालून चांदीची चमक फिरते. खोटा रंग वरून थापल्यासारखा बसतो. "हा चढवलेला आहे," एवढंच बोलून तो नाणं परत करायचा. खामगावच्या एका प्रदर्शनात त्यानं सख्ख्या साडूचं नाणं असंच बाजूला सारलं. साडूनं बोलणं टाकलं. गजेंद्रला त्याचाही अभिमान! खरेपणाचा माज इतर कोणत्याही माजापेक्षा वाईट, कारण तो ज्याला असतो त्याला पुण्यच वाटतो.

तर एका दुपारी अमडापूरच्या केसरबाई दुकानात आल्या. सोबत त्यांची नात समता. ती चिखलीतच एका दवाखान्यात नर्स आहे. आजीचे डोळे दाखवायला घेऊन आली होती. केसरबाईंचे मालक इंद्रभान यांचं घड्याळ गजेंद्र कितीतरी वर्षं दुरुस्त करत आला होता. इंद्रभान गेले, तरी म्हातारी ते घड्याळ बंद पडू देत नव्हती.

त्या दिवशी मात्र त्यांनी पिशवीतून तंबाखूच्या जाड कागदाची पुडी काढली.

"गजूबापू, पाय बरं हे. माह्या सासूनं देल्ला होता. याले काय झालं? खराब झाला का?"

आत इंग्रजांच्या काळातला चांदीचा राणीछाप रुपया होता. गजेंद्रनं भिंग लावलं आणि रुपया दिव्याखाली तिरपा धरला. कडेला सोनं, मध्ये जांभळं, राणीच्या गालावर निळी झाक, आणि सगळं एकमेकांत विरघळलेलं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या नाण्यांवर निवाडे दिले होते. असा रुपया हातात कधीच पडला नव्हता. हा आपल्याकडे पाहिजे, एवढं एकच त्याच्या मनात आलं.

"खराबच झाला मावशी," तो म्हणाला. "डाग पडले. नुसती चांदी उरली आता."

"असं का?" केसरबाईंचा चेहरा उतरला. "मले वाटलंच."

"ठेवता कायले? अमडापूरले येईन तवा मोडीच्या भावानं मीच घेऊन टाकतो."

केसरबाईंनी रुपया पुडीत बांधून घेतला. 'घासू नका' हे शब्द गजेंद्रच्या अगदी जिभेवर आले होते. पण डागांची एवढी काळजी काऊन, असं म्हातारीनं विचारलं तर? समता तर शिकलेली पोरगी. तो गप्प बसला. पोटात एक आणि ओठात एक ठेवणाऱ्याला असं जपूनच बोलावं लागतं.

चार-सहा दिवसांनी तो अमडापूरला गेला. वाटभर मनात मांडे खात होता: कोणत्या प्रदर्शनात ठेवायचा, कुणाला जळवायचं. केसरबाईंनी त्याला खाटेवर बसवलं, सुटीवर आलेल्या समतानं चहा आणला. मग म्हातारीनं त्याचा हात ओढून तळहातावर रुपया ठेवला.

रुपया पांढराफेक होता. स्टीलच्या वाटीसारखा लखलखत होता.

"पाहुण्याच्या हातावर अशी काळी चांदी ठिवू का मी?" केसरबाई हसत म्हणाल्या. "चिच लावली, राखुंडी लावली, दोन रोज घासला. बोटं दुखून राह्यले. अन् मोडीचा भाव कायले पायजे मले? आमच्या मालकाच्या घड्याळाचे तू कधी पैसे घेतले का? ठिव तुले."

गजेंद्रनं सवयीनं भिंग लावलं. रुपयावर सगळीकडे बारीक ओरखडे होते. रंगाचा कणही उरला नव्हता. ज्याला अंडं-गंधकवाले लबाड कधी फसवू शकले नाहीत, त्यानं एका म्हातारीला फसवलं होतं, आणि ती त्याला वर भेट देत होती.  धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. क्षणभर वाटलं, रुपया खिशात टाकावा, चहा प्यावा आणि निघून जावं. कुणाला काय कळणार होतं? असं वाटलं याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्यानं रुपया खाटेवर ठेवला.

"मावशी, मी खोटं बोललो. ते डाग नव्हते. तो रंग होता, अस्सल. असा रुपया म्या जल्मात पाह्यला नव्हता. मले पायजे होता म्हनून खराब म्हनलो."

समताच्या हातातला कप तसाच राहिला. "काका, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

केसरबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रुपया उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"मले तं तो चांगलाच दिसे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुपारी कोनी नसलं का मी काढो, उन्हात धरो अन् पाहो. मोराच्या पिसावानी दिसे. तू म्हनला खराब, तं म्या म्हनलं, आपल्याले काय समजते? तुहे डोये जानते."

गजेंद्रला मान वर करवेना. मोठमोठ्या शौकिनांनी भिंगं लावून जे पाहायचं, ते ही बाई नुसत्या डोळ्यांनी उन्हात पाहत होती. तिच्या त्या डोळ्यांवरचा तिचाच भरवसा त्यानं काढून घेतला होता.

"तो रंग परत येते का?" तिनं विचारलं.

"येते मावशी. पन लय वर्सं लागतात. आपल्या हयातीत नाही यायचा."

म्हातारी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"खरं सांगून राह्यला ना आता?"

पारखी म्हणून इतकी वर्षं काढली, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"हाव मावशी," तो म्हणाला. केसरबाईंनी मान हलवली, आणि खात्री करून घ्यायला समताकडे पाहिलं.