पेत्र ‘व्हय’ म्हणाला

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, चर्चमधल्या नाटकात येशूच्या शिष्याचं, पेत्राचं काम मला मिळालं ते अभिनयासाठी नव्हे. “पेत्र तापट हुता,” पाळक म्हणाले, “तुमाला सोंग करायलाच नको.” मी भडकलो, तर शांतपणे म्हणाले, “बघा.”

प्रभूवर माझा विश्वास आहे, अगदी मनापासून. तापटपणाही तितकाच मनापासून आहे. म्हणून मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात कधी बोललोच नव्हतो. एकदा कळलं की ओरडायची सोय संपली. कुणीही उठून मला दुसरा गाल पुढं करायला सांगणार. रविवारी कुठं होता असं विचारलं की मी म्हणायचो, “शहापूरच्या पेठेत, साड्या बघायला.” इतक्या साड्या बघून बायकोला एकही न घेणारा माणूस म्हणून माझं नाव झालं होतं.

नाटकातलं काम सोपं होतं. येशूला धरून नेल्यावर दासी विचारणार, तू त्याचाच शिष्य ना? पेत्र घाबरून तीनदा ‘न्हाय’ म्हणणार, कोंबडा आरवणार आणि आपली चूक कळून पेत्र रडणार. कोंबडा खरा होता, मेव्हण्यानं सांब्र्याहून, गावाकडून आणून वेताच्या पाटीखाली झाकलेला. दासी झाली होती माझी बायको, आणि तिथंच घात झाला. नवऱ्याला चारचौघांत अरेतुरे करायची संधी तिनं सोडली नाही. कमरेवर हात ठेवून घरच्याच आवाजात तिनं विचारलं, “तूबी त्या येशूच्या संगट हुतास न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

घरी ती काहीही बोलली की न ऐकताच ‘व्हय’ म्हणायची माझी सवय. ती दातओठ खात कुजबुजली, “न्हाय म्हणा की.”

“व्हय, व्हय,” मी म्हणालो. तीन झाले. पाटीखालचा कोंबडा लगेच आरवला आणि पाळकांनी डोकं धरलं.

सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या अण्णांनी मोबाइल पुढं केला. कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत ऑफिसात पोचला होता.

“ह्यो तुमीच न्हवं?”

व्हिडिओत मला छातीपर्यंत खोटी दाढी होती. ‘न्हाय’ सहज खपलं असतं. पण नाटकात चुकून म्हटलेलं आता शुद्धीवर म्हणायचं होतं, आणि मला खरोखर भीती वाटत होती.

“व्हय,” मी म्हणालो. “दर रविवारी चर्चला जातो मी.”

“आनि साड्या?”

“एकबी बघितली न्हाय.”

अण्णा खूश झाले. “मग आता वरडायचं बंद म्हणा.”

“कोण म्हणतंय?” मी ओरडलो.

तेव्हापासून माझा आवाज चढला की शेजारच्या टेबलावरून हळूच ‘कुकूचकू’ येतं. मी मनात प्रभूची माफी मागतो, मग ज्याच्यावर ओरडलो त्याची. पेत्राचा कोंबडा एका रात्रीपुरता होता, माझा ऑफिस सुटेपर्यंत बसलेला असतो. अण्णा रजेवर असले की मला माझीच धास्ती वाटते.