नानामास्तरांची तवकील

नानामास्तर सकाळी शाळेत यायचे तेच दमलेले. पागोटं काढून टेबलावर ठेवायचे, खुर्चीत टेकायचे आणि पहाटेपासून जातं ओढल्यासारखा सुस्कारा टाकून म्हणायचे, "दमलो रे बाबांनो. चला, काढा पुस्तकं." शाळा सुटतानाही तेच, "दमलो रे. चला, पळा घरी." पण या दमलेल्या माणसानं जेवढी पायपीट केली, तेवढी जव्हार संस्थानात टपाल नेणाऱ्यानंही केली नसेल.

ते मूळचे वाईकडचे. तरुणपणी नोकरीसाठी घाट उतरून इथं आले, बायको इथंच तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. "आता देशावर परत का जात नाही?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "अहो, जायचं म्हणजे परत दमणं आलंच की!"

मी त्यांच्या हाताखाली शेवटच्या इयत्तेत होतो. वडील लहानपणीच वारलेले. घरात आई आणि मी. जव्हारात शिकलेल्या पोरानं करायचं काय, तर दरबारात कारकुनी. आणि त्या जागा कुणाच्या भाच्यासाठी, कुणाच्या जावयासाठी आधीच ठरलेल्या. माझ्या मामांचं ठाण्याला किराणा दुकान होतं. त्यांनी सांगून ठेवलं होतं, परीक्षा झाली की केशवला पाठवा, पुडे बांधेल. पण त्यांच्या एका खोलीत सहा माणसं, तिथं आई कुठं मावणार? शिवाय ती दम्याची. पावसाळ्यात रात्र रात्र भिंतीला पाठ लावून बसायची. तिला एकटी सोडून जायला माझं मन घेत नसे.

मला सुचलं ते तिच्यामुळंच. आमच्या रानात हळदीसारख्या पानांचं एक झाड उगवतं. त्याचे कांदे किसून, वाटून, फडक्यातून पाण्यात गाळले की तळाशी पांढरा साका बसतो. तो धुऊन वाळवला की झाली तवकील. उपासाला चालते, आजाऱ्याला खीर करून देतात. आई दर हिवाळ्यात घरापुरती करायची. मी मास्तरांना म्हणालो, "ही मुंबईला विकली तर?" त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मेलो! आता मुंबई आली का नशिबी?"

परीक्षा झाली, श्रावण संपला, वाटा जरा वाळल्या, तशी आम्ही बैलगाडीनं डहाणू गाठलं आणि आगगाडीत बसलो. सबंध वाटभर मास्तर मला एकच गोष्ट घोकायला लावत होते. "हे बघ केशा, विचारायला गेलेला माणूस शहाणा होऊन येतो, मागायला गेलेला भिकारी होऊन. पहिल्या भेटीत काही मागायचं नाही. 'आमचं कुठं चुकतंय' एवढंच विचारायचं. आपली चूक काढायला माणसाला फार आवडतं, मग तो आपला होतो."

आणि खरंच तसं झालं! सोराबजी नावाच्या एका पारशी औषधवाल्यानं तवकील पाण्यात ढवळली, उकळली, हुंगली. "मास्तर, माल सोना हाय. पन माती लागते जिभेला. अजून धुवा नी, अजून धुवा." मग आपल्या दुकानात येणाऱ्या आजाऱ्यांसाठी काय काय लागतं ते तासभर सांगत बसला. त्यानंच आपला माणूस बरोबर देऊन आम्हाला भुलेश्वराच्या एका सुक्या औषधांच्या व्यापाऱ्याकडं धाडलं. शेटजींनी बोटांत तवकील चोळली आणि म्हणाले, "मास्तर, माल दसऱ्याच्या आधी पाहिजे. नवरात्रात उपासवाले घेते, नंतर कोण घेते? गाडीभर आणा, दरसाल तुमचाच माल घेऊ." मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जोरानं मान हलवली. त्यांनी शब्द दिला.

परतीच्या वाटेवर मी हवेत होतो. आईला सोडायला नको, मामांचे पुडे बांधायला नकोत! आमच्या डोक्यात एकाच दसऱ्याचा हिशेब होता, दरबारच्या स्वारीचा, हत्तीघोड्यांचा. रान वेगळ्या सणावर चालतं हे आम्हा गावात राहणाऱ्या दोघाही शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही. मास्तरांची तर अर्धी हयात इथं गेलेली.

कांदे उकरायला माणसं हवीत म्हणून आम्ही रानातल्या दाभोशाच्या पाड्यावर लखमाकडं गेलो. लखमा पाड्यातला जाणता. त्याच्या दोन्ही पोरांना मास्तरांनी अक्षर शिकवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, वाघबारस नाय झाली अजून."

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरची बारस. त्या दिवशी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरांचं रक्षण कर म्हणून सांगतात. त्याआधी या पाड्यात रानातला कांदा कुणी उकरत नाही. आणि ती येते दसऱ्यानंतर.

मी म्हणालो, "लखमादादा, यंदापुरतं तरी बघा ना!"

लखमानं मास्तरांकडं पाहिलं. इथली माणसं राजालाही अरे-तुरे करतात, त्यात मान कमी नसतो. तो म्हणाला, "तू सांगशील तं उकरू. माझी पोरां तुझी हायत. तुला नाय कसा म्हनू?" पण त्याची बायको दारातून आत निघून गेली, आणि बाकीचे गडी एकमेकांकडं बघायला लागले. सगळे भ्यालेले होते.

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. "नाही लखमा. बारस होऊ दे. दमलो रे केशा, चल."

वाटेत मी फार तोंड सोडलं. अंगाचा तिळपापड झाला होता. "तो तयार होता मास्तर! तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं! माझ्या आईचं काय आता?"

ते थांबले. "केशा, ती माणसं माझ्या शब्दासाठी देवाला भीत भीत उकरणार. उद्या कुणाची गाय वाघानं नेली, तर ती मी नेली. तुला तुझी आई आहे, तशी त्यांना त्यांची गुरं आहेत. ओळख अशी वापरायची नसते रे. एकदा वापरली की संपली."

मला ते मुळीच पटलं नाही. शेटजींनी माल दुसरीकडून घेतला आणि आमचा नाद सोडला, तेव्हा तर अजिबात नाही. दिवाळीनंतर मी ठाण्याला जायचं असं आईनं डोळे पुसत ठरवलं. माझं गाठोडंही बांधून झालं होतं. वाघबारस झाली, दिवाळी सरली, आणि एका सकाळी मास्तर दारात उभे. अंगात कणकण, डोळे लाल. "चल दाभोशाला. लखमानं निरोप धाडलाय, माणसं निघालीत." अख्खा पाडा आला होता, न बोलावता! बायका गाणी म्हणत उकरत होत्या. आईनं धाप लागत असतानाही उभं राहून साका धुऊन घेतला, सोराबजीनं सांगितलं होतं त्याहून जास्त वेळा.

पौषात आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. सोराबजीचं दुकान माडीवर. मास्तर जिन्यापाशी आले आणि कठड्याला धरून उभे राहिले. "मला आता चढवत नाही. तू जा. घाबरू नकोस, तो तुलाही ओळखतो."

मी एकटा वर गेलो. सोराबजीनं तवकील चाखली. नंतर विचारलं, "मास्तर कुठे?" मी सांगितलं, वाघबारशीपायी माल का उशिरा आला तेही सांगितलं. तो गिऱ्हाईक तसंच सोडून खाली उतरला. मास्तर खालच्या ओट्यावर बसल्या बसल्या झोपले होते. सोराबजीनं त्यांना उठवलं नाही. भरल्या रस्त्यात आपल्या पांढऱ्याशुभ्र डगल्यानिशी तो त्यांच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात मला म्हणाला, "पोरा, मी शेटसारखा गाडीभर नाय घेनार. पन तुमच्या देवाचा दिवस झाला की जेवढी होईल तेवढी आन. माझे आजारी लोक हाय. दर वरसाला आन."

धंदा काही मोठा झाला नाही. आम्ही मायलेक आणि दाभोशाचा पाडा यांच्या पोटापुरता मात्र झाला. मास्तर पुढच्याच पावसाळ्यात गेले. शेवटी त्यांनी काही उपदेश वगैरे केला नाही. त्यांना बोलायचाही कंटाळा आला होता. लखमा आणि त्याची पोरं खांद्याला होती.

मी ठाण्याला गेलो नाही. पुढं कितीतरी वर्षांनी, भर आषाढात, नद्यांना पूर येऊन सगळ्या वाटा बंद झालेल्या असताना आईचा दमा वाढला. ठाण्याहूनही कुणी येऊ शकलं नसतं, अशा त्या दिवशी तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, माझ्या हातानं, आमच्याच घरात.