शुक्रवारचा फोटो

हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथे मी आपली घाईघाईने पोरांची नावं घेते आणि दिवा लावून मोकळी होते. आता तुमच्यापाशी बोलायला बसलेय, तर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. एरवी मी फटकळ बाई. आगरदांड्यात कोणालाही विचारा, शिवणवाली सुरेखा म्हटलं की लोक आधी माझ्या तोंडाबद्दल सांगतील आणि मग ब्लाउजबद्दल. पण ही गोष्ट ओठाशी आली की मी गप्प होते.

आधी आमच्या ग्रुपचं सांगते. ते सोपं आहे.

शाळेत आम्ही चौघी एका बाकावर बसायचो. मी, झुबेदा, नंदा आणि कल्पना. दहावी झाली आणि पांगलो. नंदाला माणगावला दिली, कल्पनाला पनवेलला. माझं माहेर दिघीच्या बाजूचं, लग्न करून मी खाडीच्या अलीकडे आगरदांड्याला आले. झुबेदाचा निकाह झाला आणि ती थेट मस्कतला गेली. पुढे कितीतरी वर्षं कोण कुठे आहे, कशी आहे, काही पत्ता नव्हता. मग सगळ्यांच्या हातात फोन आले, आणि कल्पनाने कुठून कुठून नंबर मिळवून आम्हाला एकत्र आणलं. ग्रुपला नाव दिलं, ‘दुसरा बाक’.

अहो, काय मजा होती! सकाळी डोळा उघडला की आधी फोन बघायचा. नंदाचे गुडघे रात्री किती दुखले, कल्पनाच्या सुनेने आज कुठल्या भांड्यावर राग काढला, झुबेदाचा पाव फुगला की बसला. मी इकडून वाळत घातलेल्या सुकटीचा फोटो टाकायचे, की तिकडून झुबेदा लिहायची, ‘सुरे, वास आला गो!’ कोणाचा रक्ताचा रिपोर्ट यायचा असला की बाकीच्या तिघी दिवसभर धीर देत राहायच्या. माझं मशीन बिघडलं तर तिघींनी तीन उपाय सांगितले, तिन्ही चुकीचे. हसून हसून पुरेवाट. पन्नाशीला टेकलेल्या आम्ही बायका, पण त्या ग्रुपवर चौदा वर्षांच्या होतो. खरं सांगते, तसं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

आणि अम्मी. झुबेदाची आई. आम्ही चौघीही तिला अम्मीच म्हणायचो. शाळेतून येताना तिच्या ओटीवर थांबायचं आणि सांदणं खायची — वाफाळलेली, नारळाचा रस घातलेली. माझ्या हातात कात्री पहिल्यांदा दिली ती तिनेच. वर्तमानपत्राचा कागद पसरून ब्लाउज कसा बेतायचा, ते मी तिच्याकडे शिकले. चूक झाली की ती ओरडायची नाही, नुसती ‘या अल्ला’ म्हणून कपाळाला हात लावायची आणि मग स्वतःच हसायची.

ती अम्मी म्हातारपणी एकटी राहत होती. दिघीच्या जेट्टीवरून रिक्षाने दहा मिनिटं आत. शेजारच्या हमीदाभाभी दोन वेळचं जेवण द्यायच्या. अम्मीला ऐकू येईनासं झालेलं, त्यामुळे रस्त्यावर आणून फोन कानाला लावला तरी दोन्हीकडून नुसती बोंबाबोंब. आणि त्या वाडीत फोनला रेंज नाही, म्हणजे व्हिडिओवर तोंड बघून बोलणंही नाही. झुबेदाचा जीव टांगणीला. एकदा तिने ग्रुपवर रडत रडत आवाज पाठवला. तो ऐकला आणि मी लगेच लिहिलं, ‘अगं, मी आहे ना! दर शुक्रवारी जाईन, फोटो काढीन, जेट्टीवर आले की पाठवीन.’ शुक्रवारी तिकडे तिला सुट्टी. नंदाने लिहिलं, सुरे, तुझ्यासारखी तूच. कल्पनाने हात जोडलेले दहा-बारा पाठवले.

आवडलं मला ते. का नाही आवडणार? माझ्या घरात आमटी खारट झाली तर चौघे बोलतात, चांगली झाली तर मुकाट्याने भुरकतात. इथे तीन जणी दर शुक्रवारी माझं कौतुक करत होत्या.

सुरुवातीला गेले, हां. वर्षभर गेले. फेरीबोटीने पलीकडे, पिशवीत काहीबाही खाऊ, अम्मीच्या केसांना तेल, नखं कापून द्यायची, एक फोटो, आणि परत. मग एका शुक्रवारी वाऱ्याने बोट बंद होती. झुबेदाचा मेसेज मात्र सकाळीच येऊन पडलेला — ‘आज जातेयस ना, अम्मीला माझा सलाम सांग, तुझे उपकार कसे फेडू.’ बोट बंद आहे, एवढं लिहायला काय जात होतं माझं? पण मी लिहिलं, ‘जाऊन आले, अम्मी झोपली होती म्हणून फोटो नाही काढला.’ तिघींनी बदाम पाठवले. कुणाला कसला संशय आला नाही. आणि मला — काय सांगू — जरा हलकंच वाटलं.

पुढचं सांगायला जड जातंय. सांगते.

लग्नसराई आली. घरात ब्लाउजांचे ढीग. शुक्रवार म्हणजे जाऊन-येऊन अर्धा दिवस. मग मी एक युक्ती केली. एका शुक्रवारी गेले ती ठरवूनच गेले. अम्मीची पेटी उघडली, सगळ्या ओढण्या बाहेर काढल्या आणि एकेक तिला घालून फोटो काढायला लागले. पांढरी घालून ओटीवर. निळी घालून फणसाखाली. तपकिरी घालून कोंबड्यांना दाणे टाकताना. मग परत पांढरी, पण विहिरीजवळ. अम्मीला काय, मज्जा वाटली! हिरवी ओढणी चढवली तेव्हा म्हणाली, “अगो पोरी, आज माझं लगीन हाय काय?” आणि तोंडाचं बोळकं पसरून अशी हसली, की तो फोटो सगळ्यांत सुंदर आला.

नऊ फोटो झाले. नऊ शुक्रवारांची बेगमी करून मी घरी आले.

त्यानंतर मी गेले नाही. मशीनवर बसायचे, दुपार झाली की पायडल थांबवायचे आणि एक फोटो सोडून द्यायचे. खाली दोन ओळी. ‘आज भाकरी आवडीने खाल्ली.’ ‘आज तुझ्या लहानपणीचं काय काय सांगत होती.’ काय काय सांगत होती म्हणे! झुबेदा तिकडे फोटो मोठा करकरून बघायची. एकदा नंदाने लिहिलं, अम्मी दिवसेंदिवस तरुण दिसायला लागलीय, सुरेखाच्या हाताचा गुण. मी त्यावर दात काढून हसणारा चेहरा पाठवला. असली मी बाई.

आठ फोटो गेले. नवव्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी हमीदाभाभींचा फोन आला. त्यांच्याकडे साधा फोन, तोही रस्त्यावर येऊन लावावा लागायचा. म्हणाल्या, “सुरेखा, अम्मी जेवत न्हाय दोन रोज. पडूनच हाय. जरा येऊन जा.” मी म्हटलं, उद्या येते.

आणि त्याच संध्याकाळी झुबेदाने ग्रुपवर लिहिलं. का कोण जाणे, तिला काय जाणवलं असेल तिकडे. तिने लिहिलं, ‘दोन दिवस मन लागत नाही. सारखी अम्मी डोळ्यांपुढे येते. रजा मिळतेय. येऊन जाऊ का?’

इथे मी थांबले होते. फोन हातात घेऊन किती वेळ बसले होते. तुम्हाला वाटेल, मी विसरले असेन, कामात असेन. नाही हो. सगळं कळत होतं मला. ती आली, तर अम्मीपाशी बसणार. अम्मीला ऐकू येत नसलं तरी बोलता येतं. ‘सुरेखा दोन महिने फिरकली नाही’ — एवढं एक वाक्य, आणि माझं सगळं उघडं पडणार. ग्रुपवर काय तोंड दाखवणार मी? एका पारड्यात ते, आणि दुसऱ्या पारड्यात अंथरुणाला खिळलेली अम्मी. आणि मी काय केलं?

मी लिहिलं, ‘अगं वेडी का काय! ठणठणीत आहे तुझी आई. रजा फुकट घालवू नको, ईदला ये, चांगली महिनाभर राहा.’

शुक्रवारी जाणार होते. देवाशपथ जाणार होते. पण त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं हळदीच्या साड्यांवरचे ब्लाउज मागायला दारात बसून राहिली, आणि मी उद्या जाऊ म्हटलं. दुपारी नववा फोटो पाठवला. हिरव्या ओढणीतला. झुबेदाने लिहिलं, ‘अल्हम्दुलिल्लाह, हसतेय माझी अम्मी. आता झोप लागेल मला.’

शनिवारीही गेले नाही. रविवारी पहाटे अम्मी गेली.

झुबेदा पोचली तोवर दफन होऊन गेलेलं. त्यांच्यात थांबवून ठेवत नाहीत. तीन दिवसांसाठी आली होती. मी भेटायला गेले, तेव्हा ओटीवर बायका बसलेल्या. मला बघितलं आणि ती उठून गळ्यात पडली. सगळ्यांना सांगायला लागली — ही बघा माझी सुरेखा, मी परदेशात बसले आणि हिने लेकीसारखं केलं, एक शुक्रवार चुकवला नाही. हमीदाभाभी चहा घेऊन आल्या होत्या. त्या माझ्यापुढे कप धरून तशाच उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि आत गेल्या.

मग झुबेदाने विचारलं, “त्या शेवटच्या शुक्रवारी काय म्हणाली गं अम्मी?”

तेव्हा तरी सांगायचं ना? एवढ्या बायकांत नको, निदान तिला एका बाजूला घेऊन? माझ्या तोंडून काय निघालं ऐका. म्हटलं, “म्हणाली, झुबी तिकडे सुखात हाय, मी हिकडे सुखात हाय. तिला सांग, मी खूश हाय तिच्यावर.” अम्मीच्याच बोलीत सांगितलं. शिवताना हात बसलेला असतो ना, तसं सफाईने सांगितलं. झुबेदा ओढणीत तोंड खुपसून रडली, आणि तिच्याबरोबर मीही रडले. ते रडणं खोटं नव्हतं, एवढंच त्यातलं खरं.

परतताना मी जेट्टीकडे जायला निघाले, तेव्हा हमीदाभाभी रिक्षापर्यंत आल्या. जुनी बाई, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी माझं काही काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, “तीन रोज येकच विचारत व्हती. झुबी कधी येतंय. मी म्हटलं, येल, येल.”

ग्रुप अजून आहे. नंदाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, कल्पनाला नात झाली. सकाळी अजून आम्ही एकमेकींना काय खाल्लं, कुठे दुखतंय ते लिहितो. झुबेदाच्या फोनवर तिच्या नावापुढे तो हिरव्या ओढणीतला फोटो आहे. तिला तो त्या शुक्रवारचा वाटतो. गेल्या महिन्यात तिच्या लेकीचं लग्न झालं, लेक कॅनडाला निघाली. निरोपाच्या वेळी झुबेदा तिला काय म्हणाली, ते तिने आम्हाला ग्रुपवर ऐकवलं — ‘माझ्या अम्मीने जाताना मला जे सांगितलं, तेच तुला सांगते. तू तिकडे सुखात राहा, मी इकडे सुखात आहे.’ नंदा-कल्पना दोघींनी लिहिलं, डोळ्यांत पाणी आलं. मीही लिहिलं.

ते बोलणं अम्मीचं नाही. माझं आहे. अम्मी तीन दिवस विचारत होती, झुबी कधी येतेय. आणि झुबी येत होती. मी तिला येऊ नको म्हटलं.