‘येते’ म्हणालेली नर्स

शुभावहिनी मिरजकर नर्स आहेत, हे अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात कुणी सरळ म्हणत नसे. ‘हेल्थकेअरमध्ये आहेत’ म्हणायचे. डॉक्टर-इंजिनियरांच्या गर्दीत ‘नर्स’ म्हणताना आमच्या लोकांची जीभ का अडखळते, देव जाणे. त्यातून वहिनी कुठल्या चकचकीत हॉस्पिटलातही नव्हत्या. शेजारच्या काउंटीच्या (इथला जिल्हाच तो) आरोग्य खात्यात, म्हणजे आपल्या हिशेबाने सरकारी दवाखान्यात, आणि तिथेही घरोघर हिंडणाऱ्या. कुणी नाक मुरडलं की त्या सांगायच्या, सांगलीच्या सिव्हिलमध्ये असताना हेच करत होते, इथे फक्त गाडी चालवत जाते. त्यांचे यजमान दिगंबर आणि मी एकाच मोटार कंपनीत, शिवाय आमच्या घरांची भिंत सामायिक. त्यामुळे त्यांच्या कामातलं बरंवाईट आमच्या टेबलावर चहाबरोबर यायचंच.

त्या बोलण्यात मिस्टर हॉलिस वरचेवर असायचे. लोखंड ओतायच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एकटा म्हातारा. मधुमेहाने डोळे जवळजवळ गेलेले, पण स्वतःचं घर सोडायला साफ नकार. वहिनी दर सोमवारी जायच्या, आठवड्याच्या इन्शुलिनच्या सिरिंज भरून फ्रीजमध्ये ठेवायच्या. संध्याकाळच्या सिरिंजना रबरबँड, म्हणजे हाताला कळावं. मग त्याचे पाय बघायच्या, कारण पायाला जखम झाली तरी त्याला दिसायची नाही आणि जाणवायचीही नाही. एवढ्यावर तो माणूस आपल्या घरात, आपल्या रेडिओवर बेसबॉल ऐकत सुखाने राहत होता.

दोन हजार सात साली ह्याला नजर लागली. गरिबांच्या औषधपाण्याची जी मेडिकेड योजना, तिच्यातून अशा घरभेटींना पैसा देताना वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, हात आखडता घेतला. काउंटीची जाहीर सभा झाली, तिला मी वहिनींबरोबर गेलो होतो. काउंटीवाल्यांनी राज्याकडे बोट दाखवलं. राज्याचा जो माणूस आला होता त्याने वॉशिंग्टनकडे दाखवलं. वॉशिंग्टनचं कुणी तिथे नव्हतंच. सगळे इतके सभ्यपणे हात वर करत होते की भांडायचं कुणाशी तेच कळेना. शेवटी ठरलं की घरभेटी ही ‘आवश्यक सेवा’ नाही. ज्या बाईने हे वाचून दाखवलं तिचे डोळे चांगले ठणठणीत होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मंडळात विषय काढला तर आमचा प्रसन्न, वय पस्तिशीचं, हातात बटाटेवडा, म्हणाला, “काका, यार, टॅक्स कोण पे करतं? आपणच ना? सेफ्टी नेटचा मिसयूज किती होतो बघा.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाच प्रसन्न आईला भारतातून आणलं तेव्हा तिची शुगर बघायला वहिनींनाच बोलवायचा, तेही फुकट. मी तसं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

वहिनींची नोकरी गेली. आधीपासूनच्या पेशंटांपुरती काउंटीने एक स्वस्तातली खासगी एजन्सी नेमली होती. ती आधी फोन करणार, पेशंटने हो म्हटलं की माणूस पाठवणार. वरून वहिनींना तंबी, की शेवटच्या दिवसानंतर कुणाच्या घरी जाऊन औषधाला हात लावलात तर लायसन्स जाईल. हॉलिसकडच्या शेवटच्या भेटीत त्यांनी हे सगळं त्याला समजावलं. यापुढे दुसरं कुणी येईल, फोन आला की हो म्हणा, म्हणून बजावलं. मग पर्स उचलली आणि दारातून, दर सोमवारी म्हणायच्या तसंच, सवयीने म्हणाल्या, “ओके मिस्टर हॉलिस, आय अ‍ॅम कमिंग.”

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही. कुणी म्हटलं तर घरातलं मोठं माणूस लगेच दटावतं, ‘येते’ म्हण. वहिनी इंग्रजीतसुद्धा ‘येते’ म्हणायच्या. हॉलिसला ह्यातलं काय ठाऊक? ही बाई जाताना ‘येते’ म्हणते आणि पुढच्या सोमवारी खरोखर येते, इतकंच त्याने इतकी वर्षं पाहिलं होतं.

एजन्सीचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, माणूस नको, माझी नर्स येते म्हणालीय. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. एजन्सीने ‘पेशंटने सेवा नाकारली’ अशी नोंद केली आणि नाव काढून टाकलं. भरलेल्या सिरिंज संपल्या. तो वाट बघत राहिला. मग अंदाजाने स्वतःच भरायला लागला, त्यात औषध किती आणि हवा किती कोण जाणे. पायाला कधी काय लागलं ते त्याला कळलंच नाही. शेजारणीने रेडिओ दिवसरात्र चालू आहे म्हणून दार ठोठावलं तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखालून गेला.

हे वहिनींना त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं. त्या आणि दिगंबर आमच्याकडे आले. दिगंबर समजूत घालत होता, की तुझी चूक नाही, हा सिस्टिमचा दोष आहे.

“सिस्टिम ‘येते’ म्हणाली नाही, दिगंबर,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणाले.”

मला भयंकर राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता. एका बाईच्या एका शब्दावर ज्याचा पाय अवलंबून राहतो, तो कसला बंदोबस्त? पण हे ऐकवायचं कुणाला? मी काउंटीला फोन केला. त्यांनी एजन्सीचा नंबर दिला. एजन्सीने काउंटीचा दिला.

हॉलिसला आता घरी राहणं शक्य नव्हतं. त्याला नर्सिंग होममध्ये ठेवलं, आणि त्याचा सगळा खर्च त्याच मेडिकेडने बिनबोभाट उचलला. सोमवारच्या एका भेटीला जिथे पैसा नव्हता, तिथे कायमच्या खाटेला होता. हे मी ज्याला ज्याला सांगतो तो मान हलवतो आणि विषय बदलतो.

वहिनींना त्याला भेटायचं होतं, पण एकटीने जायचा धीर होईना. एका रविवारी मी गाडी काढली. वाटभर त्या माफीची वाक्यं जुळवत होत्या, मोडत होत्या. ‘येते’चा अर्थ इंग्रजीत कसा सांगायचा, हे मलाही विचारलं.

खोलीत दोन खाटा. हॉलिस खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत, मांडीवर पांघरूण, ते एका बाजूला खाली लोंबणारं. आमच्या पावलांनी त्याने मान वळवली. वहिनी नुसतं “मिस्टर हॉलिस” म्हणाल्या आणि आवाज ओळखून तो हसला. वहिनींनी तोंड उघडायच्या आत तो शेजारच्या खाटेकडे वळून म्हणाला, “बघ, सांगत होतो ना. माझी नर्स. तिला उशीर झाला, पण आली.”

वहिनी त्याच्यासमोर खाली बसल्या, पांघरूण बाजूला केलं आणि उरलेला पाय हातात घेऊन बघू लागल्या.