हसऱ्या माणसाचा रडका डोळा

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, एक खोली होती. तिची एकुलती खिडकी उत्तरेला. त्यामुळे तिथे ऊन कधी येत नसे, नुसता उजेड यायचा, आणि तोही असा सावकाश, की सकाळ संपून दुपार कधी झाली ते कळायचं नाही. टेबलावर चिनी मातीच्या वाडग्यात पाणी आणि पाण्यात डोळे. काही काळेभोर, काही घारे, सगळे छताकडे बघत पडलेले. नवखा माणूस दारातच दचकायचा. तिथे काम करणारी बाई मात्र रोज सकाळी वाडग्यावरचं फडकं काढायची आणि त्यांना म्हणायची, "उठा आता."

लोक तिला डोळेवाली म्हणत. अपघातात, आजारपणात ज्याचा डोळा गेला, त्याला ती खोटा डोळा करून द्यायची. खोट्या डोळ्याने दिसत नाही, पण समोरच्याला आपल्याकडे बघता येतं, आणि माणसाला तेवढंही पुष्कळ असतं. ती पांढरी वाटी खोबणीच्या मापाने घडवायची, तिच्यावर बारीक ब्रशने बुबुळ रंगवायची, लाल रेशमाचे तंतू सुटे करून पांढऱ्यावर शिरा मांडायची. वरून काचेसारखा थर द्यायचा, उकळत्या पाण्यात पक्का करायचा आणि चकाकी येईपर्यंत घासायचा. हे सगळं तिला आत्याने शिकवलं होतं. आत्या आता घरी बसून रेडिओ ऐकायची आणि भाचीच्या कामात जमेल तितकी खुसपटं काढायची.

"जे दिसतं तेच रंगवायचं, मनाचं घालायचं नाही," हा आत्याचा धडा. डोळेवालीने तो इतका मनावर घेतला होता, की तिच्या हातचा डोळा ओळखायला डॉक्टरांनाही जवळ यावं लागे. तिला त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता, पण अंगात कला असली की एवढं चालायचंच.

मग सलूनवाला आला. दुकानात मोठा आरसा बसवताना काच उडून त्याचा डावा डोळा गेला होता. गडी मोठा बोलका. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने तीन विनोद सांगितले आणि तिन्ही वेळा एकटाच हसला. हसता हसता रुमालाने उजवा डोळा टिपत होता. डोळेवाली ब्रश हातात धरून म्हणाली, "दादा, पुसू नका हो सारखं. सरळ माझ्याकडे बघा." तो बिचारा बघत राहिला. तिने दिसलं तसं रंगवलं, अगदी शिरेला शीर.

डोळा झकास झाला. सगळ्यांनी वाखाणला. महिन्याभराने सलूनवाला जिना चढून वर आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"ताई, राग मानू नका. पण हा डोळा रडतोय."

"पाणी येतंय का?"

"पाणी नाही. नुसताच रडतोय. मी हसतो आणि हा रडतो. गिऱ्हाईक दिवसभर मला आरशात बघतं ना. दाढी करता करता विचारतं, घरी कुणी गेलं का? काल एक जण पाठीवर हात ठेवून, दाढी न करताच निघून गेला."

डोळेवालीने भिंग घेतलं. पांढऱ्यात हलकी गुलाबी झाक, कडेला शिरांची दाटी. तिला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवशी हा माणूस रडत होता आणि तिने त्याचं रडणं कायमचं पक्कं करून ठेवलं होतं.

"दुसरा करून देते," ती कशीबशी म्हणाली.

दुसरा करताना तिने शिरा घातल्याच नाहीत म्हणा ना. पांढरं अगदी स्वच्छ, धुतल्या कपड्यासारखं. सलूनवाला पुन्हा आला, तेव्हा आधीपेक्षा जास्त संकोचला होता. "ताई, आता रडत नाही. आता घाबरलाय. लोक विचारतात, काय दादा, भूत बघितलंत का?"

त्यानंतर डोळेवालीने फडकं काढणं सोडलं. खोलीत जाऊन नुसती बसायची. खिडकीतला उजेड भिंतीवरून सरकायचा, टेबलावर यायचा, ब्रशांवरून निघून जायचा, आणि ती तो बघत राहायची. रस्त्यात तिला जो तो रडवेला दिसायचा. डुलकी लागली तर स्वप्नात पायऱ्यांवर माणसं बसलेली असायची, ओळीने, हसऱ्या तोंडांची आणि ओल्या डोळ्यांची, आणि ती हात जोडून त्यांच्यामधून वाट काढायची. आजवर केलेल्या सगळ्या डोळ्यांमध्ये आपण काय काय गोठवून ठेवलं असेल, हाच विचार सतत डोक्यात. हे काम आता सोडायचं, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं.

आत्याला सांगितलं तर ती रेडिओ बारीक करून म्हणाली, "अगं, मी एका हेडमास्तरला डोळा केला होता. तो कायम छताकडे बघायचा. पोरं म्हणायला लागली, सर फार खोल विचार करतात. सरांनी तो बदलूच दिला नाही मला."

"आत्या, मी चेष्टेच्या मनःस्थितीत नाही गं."

"मग मी तरी कुठे आहे? मी तेव्हा आठवडाभर जेवले नव्हते." आत्याने रेडिओ पुन्हा मोठा केला.

डोळेवालीने सलूनवाल्याला सांगायला त्याचं दुकान गाठलं. "दादा, मला नाही जमत. तुम्ही दुसरीकडे दाखवा."

तो एका गिऱ्हाइकाला फेस लावत होता. म्हणाला, "दुसरीकडे म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. तो पहिला रडका करेल, मग घाबरलेला करेल. तुमचे ते दोन्ही करून झालेत." मग फेसाखालच्या माणसाकडे ब्रशने खूण करून म्हणाला, "यांना विचारा. लग्नाच्या सकाळी मी यांची मिशी कोरायला घेतली. डावीकडे जरा जास्त गेली, म्हणून उजवीकडची कमी केली. मग पुन्हा डावी. शेवटी नवरदेव सफाचट! तरी इथेच येतात."

"बायकोला आवडलो, म्हणून," फेसाखालून आवाज आला.

डोळेवालीला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. ती परत निघाली नाही. कोपऱ्यातल्या बाकावर बसली. समोर आरसा, मागे आरसा, आणि दोन आरशांमध्ये सलूनवाला एकामागे एक लहान लहान होत दूरवर गेलेला. कात्रीचा आवाज, पाण्याचा फवारा, साबणाचा वास. तिला गुंगी आल्यासारखं झालं. तो बोलत होता, वाकत होता, कुणाच्या मानेवरचे केस झटकत होता, आणि हळूहळू ती तिथे आहे हेच विसरून गेला.

तेव्हा तिला त्याचा उजवा डोळा दिसला. पांढरं खरं तर जरासं पिवळसर होतं, तापवलेल्या दुधावर साय धरते तसं. नाकाकडच्या बाजूला एकच वाकडी शीर. बुबुळाला तपकिरी कड, आणि कात्री चालवताना सगळाच डोळा थोडा मिटलेला, मजेत. हे तिने आधी पाहिलंच नव्हतं. ती संध्याकाळपर्यंत बसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिने वाडग्यावरचं फडकं काढलं. तंतू मांडताना मध्येच तिने ब्रश खाली ठेवला, खिडकीशी जाऊन आली आणि पुन्हा उचलला.

सलूनवाला शेवटचा आला तो दुकान बंद ठेवून, स्वच्छ शर्ट घालून. तिने डोळा बसवला आणि आरसा हातात दिला.

तो आरशात बघत राहिला. आज विनोद नाही, काही नाही. मग त्याचा उजवा डोळा भरून आला, लाल झाला आणि वाहायला लागला. डावा तसाच, शांत, जरासा मिटलेला, मजेत. दोन्ही डोळे पुन्हा वेगळे झाले होते. डोळेवालीचा चेहरा उतरला.

"थांबा दादा, शिरा जरा वाढवून देते. एकसारखे दिसतील."

त्याने आरसा छातीशी धरला. "राहू द्या, ताई," तो म्हणाला. "दोघांपैकी एकाने तरी धीर धरायला हवा ना."